पूर्वी होता

रुग्णालयात तिला सगळे आकडेबाई म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. उलट कोणी नुसतं 'बाई' म्हटलं, तर हाक आपल्यालाच आहे की नाही अशी तिला शंका यायची. तिची खोली तळघरात, धुलाईखान्याला लागून होती. भिंतीपलीकडे दिवसभर चादरी गरगरत असायच्या, त्यामुळे खोली थंडीत ऊबदार आणि उन्हाळ्यात भट्टी. वरच्या मजल्यांवर माणसं येत, झोपत, उठत आणि घरी जात. खाली त्यांचे कागद येत, आणि त्यातल्या प्रत्येक आजाराला आकडेबाई एक क्रमांक देई. तो क्रमांक विमा कंपनीकडे जाई. कंपनी रोग्याला ओळखत नाही, आणि डॉक्टरांचं अक्षर तर कोणालाच लागत नाही. कंपनीला कळतो तो फक्त क्रमांक.

काम वाटतं तितकं सोपं नाही. पाय मोडला, एवढ्यावर भागत नाही. डावा की उजवा, कुठलं हाड, आज मोडला की मागे मोडलेला दाखवायला आलाय, जिन्यावरून पडला की शिडीवरून, सगळं सांगावं लागतं. मांजर चावलं तर एक क्रमांक, त्याच मांजराने बोचकारलं तर दुसरा. आकडेबाईला यातलं निम्मं तोंडपाठ होतं आणि उरलेलं कुठल्या पानावर आहे ते ठाऊक होतं. बावीस वर्षांत आपल्या हातून चूक झालेली नाही, असं ती स्वतः म्हणत नसे. पण दुसरं कोणी म्हणालं, तर खोडूनही काढत नसे.

तिचे नियम दोनच होते. पहिला, डॉक्टरांनी लिहिलं नाही ते तिच्या लेखी घडलंच नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असलं तरी नाही. आणि दुसरा, लिहिलेलं अपुरं वाटलं तर डॉक्टरांना विचारायचं, पण त्यांच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. "याला न्यूमोनियाच झाला होता ना?" असं विचारणं वर्ज्य. कामाच्या घाईत डॉक्टर कशालाही हो म्हणतात. "याच्या छातीत काय झालं होतं?" असं विचारायचं आणि गप्प बसायचं. हा नियम इतका अंगात मुरला होता, की घरीसुद्धा ती "भाजी खारट झालीय ना?" असं कधी विचारत नसे. "भाजी कशी झालीय?" म्हणे, आणि नवरा बिचारा तिच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत बसे.

सोमवारी सकाळी तिने पहिली फाइल उघडली, तोच दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली, उन्हाने रापलेली, अंगावर टपाल खात्याचा गणवेश. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कागद. रोग्यांनी तळघरात यायची पद्धत नव्हती. पण ही बाई एकोणतीस वर्षं लोकांची दारं शोधत फिरली होती, तिला कोण अडवणार?

"आकडेबाई तुम्हीच का?" तिने विचारलं. "वरच्या खिडकीवर म्हणाले, क्रमांकाचं काही असेल तर खाली."

"या, बसा आधी," आकडेबाई म्हणाली आणि एका खुर्चीवरचे कागद दुसऱ्या खुर्चीवर ठेवले.

टपालबाई बसली, पाठ मात्र टेकली नाही. हातातला कागद तिने पुढे केला. गुरुवारी तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. वाटी बदलायची होती, चार महिने वाट पाहून तारीख मिळाली होती. विमा कंपनीची पूर्वमंजुरी तेवढी यायची होती. मंजुरीऐवजी हे पत्र आलं होतं: 'आपण स्तनाच्या कर्करोगाने आजारी असल्याची नोंद आहे. सबब शस्त्रक्रियेस मंजुरी देता येत नाही.'

"गुडघ्याचं राहू दे हो," टपालबाई म्हणाली. आवाज स्थिर ठेवायचा ती जिवापाड प्रयत्न करत होती. "मला एवढंच सांगा, तो परत आलाय का? आठ वर्षांपूर्वी मला झाला होता. काढून टाकला, पाच वर्षं गोळ्या घेतल्या. दर वर्षी मोठ्या डॉक्टरांकडे जाते, ते म्हणतात ठीक आहे. आणि हे कंपनीचे लोक म्हणतात, आजारी आहात. शनिवारी पत्र आलं. आयुष्यभर लोकांना पत्रं दिली, पण असलं पत्र... मला वाटलं, सगळ्यांना ठाऊक आहे आणि माझ्यापासूनच लपवतायत. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. मुलीला अजून सांगितलेलं नाही."

आकडेबाईने संगणकावर नोंद उघडली. दर वर्षी मोठ्या डॉक्टरांची एकच ओळ होती: 'स्तनाचा कर्करोग. तपासणी ठीक. पुढच्या वर्षी या.' आणि दर वर्षी त्या ओळीपुढे चालू आजाराचा क्रमांक होता. क्रमांक देणाऱ्याची आद्याक्षरं उजव्या कोपऱ्यात येतात. आठही वर्षं ती आकडेबाईचीच होती.

पहिली पाच वर्षं ठीक होती. गोळ्या चालू होत्या, तेव्हा उपचार चालूच धरतात. पण शेवटची तीन? या आजाराला दोन क्रमांक असतात, एक चालू असलेल्याचा आणि एक 'पूर्वी होता' असा. दोन्ही तिला झोपेतसुद्धा सांगता आले असते. मग विचारलं का नाही? डॉक्टरांनी 'कर्करोग' लिहिलं, तिने कर्करोगाचा क्रमांक टाकला, पान उलटलं. नियमाला धरून आणि डोळे मिटून. विचारायचं असतं, हाही आपलाच नियम आहे, हे ती साफ विसरली होती.

"हे बघा," ती म्हणाली, "मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या तब्येतीचं मी काही बोलू शकत नाही. पण ही नोंद मी वाचू शकते. इथे नवं असं काहीही लिहिलेलं नाही. एक अक्षरही नाही. जे आहे ते आठ वर्षांपूर्वीचं. चूक आमच्या कागदात आहे, तुमच्या अंगात नाही."

टपालबाईने आत्ता कुठे पाठ टेकली. "मग बदला ना तो क्रमांक."

"मला माझ्या मनाने बदलता येत नाही. डॉक्टरांनी लिहायला हवं."

"बुधवारपर्यंत होईल? नाहीतर माझी तारीख दुसऱ्याला जाईल, आणि मला पुन्हा चार महिने ही काठी."

"बघते," आकडेबाई म्हणाली. सहसा ती 'बघते' म्हणत नसे, कारण बघते म्हटलं की लोक झालंच असं समजतात.

टपालबाई गेल्यावर तिने मोठ्या डॉक्टरांना रीतसर प्रश्न पाठवला: 'कृपया रुग्णाच्या आजाराची सध्याची स्थिती स्पष्ट करावी.' तासाभरात उत्तर आलं: 'तपासणी ठीक.' तिने पुन्हा लिहिलं, की तपासणी ठीक आहे हे कळलं, आजाराची स्थिती कळवावी. दुपारी उत्तर आलं: 'वरीलप्रमाणे.' आकडेबाईने कपाळावर हात मारून घेतला. मोठ्या डॉक्टरांचा हात म्हणजे सोनं, पण लिहिण्याच्या बाबतीत दगड. 'बरी आहे' हे दोन शब्द त्यांनी कोणाच्या कागदावर लिहिलेले तिला आठवत नव्हते, आणि ते शब्द लिहा असं सुचवायची तिला सोय नव्हती. औषधांच्या नोंदी तिने चाळल्या. गोळ्या तीन वर्षांपूर्वी थांबल्या होत्या. पण बाहेरच्या दुकानातून घेत असेल तर? अंदाजाने क्रमांक टाकायचा नाही, म्हणजे नाही.

संध्याकाळी ती घरी गेली ती तोंड पाडूनच. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो दुकान बंद करून आधीच आला होता आणि ताटं मांडत होता. सासूबाई टेबलाच्या टोकाला हजर. सासूबाईंचं वय ब्याऐंशी, कान शाबूत, आणि दुसऱ्यांच्या आजारांत त्यांना अतोनात रस. सून रुग्णालयात असून आपल्याला कोणाचं काही कळत नाही, हे त्यांचं जुनं दुःख होतं. रोज त्या विचारत आणि रोज आकडेबाई ताकास तूर लागू देत नसे.

"आज कोणाला काय झालं?" त्यांनी सुरुवात केली.

"मला झालं," आकडेबाई म्हणाली. "आई, माझ्या हातून चूक झालीय. तीन वर्षं होत होती."

नवऱ्याच्या हातातलं ताट तसंच राहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, हे वाक्य तो पहिल्यांदाच ऐकत होता. मग तो अगदी हळूच म्हणाला, "चूक... कशी झालीय?"

ती हसली. हसायला येईल असं तिला वाटलं नव्हतं. मग नाव नाही, गाव नाही, आजारसुद्धा नाही, असं करत तिने जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. एक डॉक्टर आहेत. माणूस बरा झाला तरी 'बरा' असं लिहीत नाहीत. आणि ते तसं लिहा असं मी म्हणू शकत नाही.

"का नाही लिहीत?" सासूबाईंनी विचारलं.

"कोण जाणे. स्वभाव."

"कसला स्वभाव? भितात ते," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या नणंदेचे यजमान असेच होते. लेक पास झाली तरी म्हणायचे नाहीत. दृष्ट लागेल म्हणे. शेजारच्यांनी निकाल विचारला की सांगायचे, शाळा सुटली."

"पण मला लिहून हवंय ना, आई!"

"मग तू बरं-वाईट विचारतेसच कशाला? औषध कधी थांबलं, ते विचार. तारीख सांगायला कोणी भीत नाही. त्यांनी तारीख लिहिली की तुझं काम झालं, नाही का?"

बावीस वर्षं आकडेबाई प्रश्न विचारण्याचं काम करत होती, आणि प्रश्न कसा विचारावा हे या म्हातारीने एका घासात सांगितलं होतं.

"आता आजार काय होता तेवढं सांग," सासूबाई म्हणाल्या. "मदत केली मी."

"नाही हं, आई."

"सांगणार नाहीच. घ्या, वाढा मला भात."

मंगळवारी सकाळी ती स्वतः वर गेली. तळघरातली माणसं सहसा वर जात नाहीत, त्यामुळे दोन परिचारिकांनी तिला रुग्ण समजून बाकावर बसवायचा प्रयत्न केला. मोठे डॉक्टर दोन रुग्णांच्या मध्ये चहा पीत होते. सत्तरीला टेकलेले, पांढऱ्या भुवयांचे. तिच्या हातातला कागद पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, तुम्ही माझा पिच्छा सोडणार नाही, असं दिसतंय. दोनदा लिहिलं ना मी?"

"हो सर. प्रश्नच चुकीचा विचारला होता मी. नवीन आणलाय."

कागदावर दोन ओळी होत्या. या आजारावरचा शेवटचा उपचार कोणता आणि तो कोणत्या तारखेला संपला? आज कोणता उपचार चालू आहे?

तिच्या जिभेवर काय काय आलं होतं! ती बाई दोन रात्री झोपलेली नाही. गुरुवारी तिची तारीख आहे. तुम्ही एक शब्द लिहीत नाही म्हणून, आणि मी एक प्रश्न विचारला नाही म्हणून, ती स्वतःला मरणाच्या दारात समजून बसलीय. पण हे आत्ता बोलणं म्हणजे उत्तर सुचवणंच होतं. आकडेबाईने ओठ घट्ट मिटले आणि भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहत राहिली. डोक्यापासून घोट्यापर्यंत हाडं मोजून झाली.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "मला वाटलं, पुन्हा तेच विचाराल. बरी आहे की नाही." पेनाचं टोपण त्यांनी काढलं, पुन्हा लावलं. "तुम्हाला वाटत असेल, म्हातारा हट्टी आहे."

तिने मान हलवली नाही. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"माझी मोठी बहीण होती," ते म्हणाले. "हाच आजार. मी तेव्हा नवा होतो, हुशारी अंगात मावत नव्हती. मी माझ्या हाताने लिहून दिलं, पूर्ण बरी. अक्कानं तो कागद चौकटीत घालून भिंतीला लावला. येईल त्याला दाखवायची. पाचव्या महिन्यात परत आला. ती शेवटपर्यंत त्या खोलीत झोपली, आणि तो कागद समोर. काढा म्हटलं तर काढू देत नव्हती. म्हणायची, माझ्या भावाचं अक्षर आहे." त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "तेव्हापासून तो शब्द माझ्या पेनातून उतरत नाही. पुढचं मला कळत नाही, बाई. कोणालाच कळत नाही."

"सर, पुढचं मला नकोच आहे," आकडेबाई म्हणाली. "पुढचं विचारायला माझ्या कागदावर जागाच नाही. मागचं काय झालं आणि आज काय आहे, तेवढंच."

डॉक्टरांनी फाइल जवळ ओढली, जुनी पानं उलटली, आणि स्वच्छ, वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं: 'शस्त्रक्रिया आठ वर्षांपूर्वी. गोळ्यांचा उपचार तीन वर्षांपूर्वी पूर्ण,' पुढे तारीख, आणि 'आज कोणताही उपचार चालू नाही. आजाराची कोणतीही खूण नाही.' शेवटचं वाक्य तिने मागितलंही नव्हतं. सही करून त्यांनी कागद दिला.

"आता सांगा, एवढ्यासाठी जिने चढून का आलात?"

मग मात्र तिने सगळं सांगितलं. पत्र, दोन रात्री, मुलीपासून लपवलेलं, गुरुवारची तारीख, तिची स्वतःची आठ वर्षांची आद्याक्षरं. बाहेरून परिचारिकेने पुढच्या रुग्णाचं नाव पुकारलं, तशी डॉक्टरांनी 'एक मिनिट' म्हणून तिला थांबवलं.

"माझी हीच ओळ असलेले आणखी किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस. काल काढून ठेवलेत."

"रोज पाच पाठवा. हेच दोन प्रश्न घालून."

ती जिना उतरली तेव्हा चपला पायात आहेत की नाहीत हेही तिला कळत नव्हतं. क्रमांक बदलायला मिनिटसुद्धा लागलं नाही. दुरुस्त नोंद, डॉक्टरांचा कागद आणि 'आमची चूक' असं स्पष्ट लिहिलेलं पत्र तिने कंपनीकडे पाठवलं. मग दर दोन तासांनी फोन लावून ती कंपनीतल्या माणसाच्या खनपटीला बसली. बुधवारी जेवणाच्या सुट्टीआधी तो स्वतःच फोन करून म्हणाला, "मंजूर झालंय, मॅडम, आता कृपा करा." तिने कृपा केली.

दुपारी टपालबाई आली. या वेळी तिने दारातूनच आकडेबाईचा चेहरा वाचला आणि काठी भिंतीला टेकवली.

"झालं?"

"झालं. उद्या सकाळी सातला या. आणि एक सांगायचंय." आकडेबाई उभी राहिली. बसून सांगणं तिला बरं वाटेना. "परवा मी म्हणाले, चूक आमच्या कागदात आहे. आमच्या नव्हे. माझ्या. मी तीन वर्षं डॉक्टरांना विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तुमच्या दोन रात्री माझ्यामुळे गेल्या."

"मी एकदा एका माणसाच्या नोकरीचं पत्र शेजारच्या घरात टाकलं होतं," टपालबाई म्हणाली. "तीन आठवडे तिथेच पडून होतं. मलासुद्धा उभं राहूनच सांगावं लागलं. बसा हो. आणि मला दाखवा तरी, काय लिहिलंय आता."

आकडेबाईने नोंद छापून तिच्या हातात दिली. टपालबाईने चष्मा लावला आणि पत्ता वाचावा तसं बोट ठेवून वाचलं. वर तिचं नाव, खाली क्रमांक, क्रमांकापुढे त्याचा अर्थ: स्तनाचा कर्करोग, पूर्वी होता.

"पूर्वी होता," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "पूर्वी होता." बोट त्या शब्दांवरून हलेना. "हे तुम्ही माझ्यासाठी लिहिलंत?"

"नाही. ते पुस्तकातच आहे तसं. छापील." आकडेबाईने ते जाडजूड पुस्तक उघडून पान समोर धरलं.

टपालबाई पुस्तकावर वाकली. तोच क्रमांक, तेच शब्द, आणि वर-खाली आणखी कितीतरी ओळी. फुप्फुसाचा, पूर्वी होता. आतड्याचा, पूर्वी होता. रक्ताचा, पूर्वी होता. ती सगळं पान वाचून काढेपर्यंत आकडेबाई पुस्तक तसंच धरून राहिली. पलीकडे चादरी फिरत होत्या.

"म्हणजे," टपालबाईने चष्मा काढला. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "म्हणजे माझ्यासारख्या इतक्या आहेत, की त्यांच्यासाठी वेगळा क्रमांक काढावा लागला?"

आकडेबाईने बावीस वर्षं तो क्रमांक लिहिला होता, पण त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "रोज येतात."